माळ्यावरची ट्रंक

प्रिय पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रागाने कापत होता, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. तू घेतलेल्या घराचं खरेदीखत होऊन दोन महिने झाले, पैसे चुकते झाले, तरी पडवीकडच्या खोलीला विकणाऱ्याचं कुलूप, माळ्यावर त्याच्या ट्रंका आणि देव्हाऱ्यात त्याचे देव. फोन केला की डोंबिवलीहून एकच उत्तर, ‘गणपतीला येतो तेव्हा नेतो.’ उद्या गडी लावून सगळं खळ्यात काढते, असं तू म्हणालीस. ते करू नकोस.

आधी खरेदीखत उघडून बघ. चिऱ्याच्या भिंती, कौलं, विहीर, कलमी झाडं, चतुःसीमा, सगळं त्यात असेल. घरातल्या सामानाचा उल्लेख आहे का? नसेल तर घर तुझं झालं, सामान त्याचंच राहिलं. इतके दिवस पडून राहिलं की ते नव्या मालकाचं होतं, असा कायदा आपल्याकडे नाही. उलट, दुसऱ्याची सापडलेली वस्तू आपण ताब्यात घेतली की ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी आपल्यावर येते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ ते सांगतं, आणि कलम १५१ प्रमाणे सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितक्या काळजीने ती सांभाळावी लागते. विकून पैसे खिशात घातलेस, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराची तक्रार होऊ शकते. तू घर घेतलंस म्हणून हे टळत नाही.

मला हे फार वाईट रीतीने कळलं. १९९३ साली आम्ही मालवणात घर घेतलं तेव्हा माझी वकिलीची सनद नवी होती. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती, हिरवा रंग उडालेला, कडी सुतळीने बांधलेली. आत वाळवीने कडा खाल्लेले कागद, अर्धे मोडी लिपीत. सासूबाईंनी विचारलं, ‘हे काय गो?’ मी म्हटलं, रद्दी. आठ दिवस आमचा बंब त्या कागदांवर पेटला. चतुर्थीला विकणाऱ्याची थोरली बहीण आली. चहा घेतला आणि म्हणाली, ‘आबांच्या खंडाच्या पावत्या तेवढ्या देतंस?’ शेजारच्या गावात एका मळ्याला तिचे वडील कूळ होते; खंड म्हणजे कुळाने जमीनमालकाला द्यायचं भाडं. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, म्हणजे कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली त्या दिवशी, जमीन कोण कसत होतं यावर सगळं अवलंबून होतं, आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागायचं राहून गेलं होतं. त्या पावत्याच त्यांचा पुरावा. ती भांडली नाही. बंबाजवळ जाऊन उभी राहिली आणि राखेकडे बघत राहिली. पुढे तो दावा ते हरले. त्या घराने मला कधीही दोष दिला नाही, पण ती बाई माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून कागद, फोटो, पासबुकं, दाखले यातलं काहीही फेकू नकोस. कितीही कुजलेलं दिसो.

आता करायचं काय ते सांगते. पोलीस पाटील आणि गावातले दोन जाणते लोक, शक्यतो एक त्याच्या भावकीतला, यांना बोलावून यादी कर. ‘भांडी पंधरा’ असं लिहू नकोस. तांब्याचा हंडा, एका बाजूला पोचलेला, काठावर अमुक नाव कोरलेलं, वजन इतकं, असं लिही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे, तीच पुढे तुला वाचवते. प्रत्येक वस्तूचा फोटो काढ, व्हिडिओही काढ, आणि यादीवर सगळ्यांच्या सह्या घे. मग सामान कोरड्या जागी हलव. पाऊस महिन्यावर आलाय, माळ्यावर गळलं तर नुकसानीचं खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल. देवांना मात्र हात लावू नकोस. त्यांना कुठे न्यायचं हे त्या घराण्यानेच ठरवावं.

कुलूपबंद खोलीचं प्रकरण वेगळं आहे. ताबा दिला असं खतात लिहिलेलं असलं, तरी कुलूप त्याचं म्हणजे त्या खोलीचा ताबा माझाच होता, असं तो म्हणू शकतो. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे संमतीशिवाय, कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढला त्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि तिथे मालकी कोणाची हे बघतच नाहीत. तेव्हा कुलूप एकटीने तोडू नकोस.

नोटीस मी लिहून देते. खतावर ज्यांनी ज्यांनी सही केली त्या प्रत्येकाला ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने जाईल, फक्त फोन उचलणाऱ्या भावाला नव्हे. नाहीतर एक भाऊ हंडे नेतो आणि दुसरा ते तुझ्याकडे मागतो. मुदत गणपतीनंतरच्या आठवड्यापर्यंत देऊ. तुला ती फार वाटेल. पण चाकरमान्याला रजा तेव्हाच मिळते, आणि वाजवी मुदत दिली होती हे उद्या कोर्टाला दिसायला हवं. नेणाऱ्याची सही यादीवर घेतल्याशिवाय एक तांब्याही देऊ नकोस. मुदत संपूनही कोणी आलं नाही तर मोलाची वस्तू परस्पर विकू नकोस. माझ्याकडे ये, कोर्टाकडे आदेश मागू.

आणखी एक गोष्ट मला खुपते आहे. माणसं सामान विसरून जातात, पण कधी मुद्दामही ठेवतात. घर वडिलोपार्जित आहे ना? मग बहिणींच्या सह्या किंवा हक्कसोड पत्रं आहेत का ते आजच बघ. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो पक्का केला. एखादी बहीण वगळली गेली असेल, तर तिचा हिस्सा तुझ्याकडे आलेलाच नाही. शिवाय अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्यांच्यासोबत सामाईक ताबा मागता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ म्हणतं. फेरफाराची, म्हणजे महसुली नोंदीत नाव बदलायची, नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात. तलाठी कार्यालयात जाऊन हरकत आली आहे का ते विचार. घराचा असेसमेंट उतारा तुझ्या नावावर झाला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, तो कर वसुलीसाठी असतो, मालकीचा पुरावा नव्हे.

खरेदीखत, असेसमेंट उतारा आणि असतील ती हक्कसोड पत्रं घेऊन शनिवारी सकाळी ये. त्या आधी माळ्यावर चढू नकोस, आणि चढायचंच झालं तर पोलीस पाटलांना सोबत घे.

तुझी,
वकीलमावशी