डिझेल संपलं म्हणून वॉरंटी संपत नाही

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही १४ महिन्यांची आहे, किंमत १४ लाख, वॉरंटी तीन वर्षांची. मध्यंतरी नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारजवळ डिझेल संपलं. मित्राने पंपावरून कॅनमध्ये ५ लिटर आणून दिलं. बराच वेळ सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, पण पिकअप घेईना आणि इंजिनचा दिवा लागला. तशीच घरी आणली. अधिकृत वर्कशॉपने डिझेलच्या लाइनमधली ‘एअर काढली’ म्हणून गाडी परत दिली. आठवड्याभरात पुन्हा बंद! आता म्हणतात, हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर गेले, डिझेल भेसळीचं होतं, वॉरंटी मिळणार नाही, १ लाख ८० हजार भरा. हे सगळं तोंडी. एस्टिमेटवर सही करा, नाहीतर रोजचं पार्किंग लावू, असंही बजावलंय. काय करू?
– एक वाचक, कोपरगाव

उत्तर : आधी एक करा, त्या एस्टिमेटवर सही करू नका. त्यात बारीक अक्षरात ‘बिघाड वॉरंटीबाहेरचा असल्याचे मान्य’ अशी ओळ असते आणि पुढे तीच तुमच्या तोंडावर फेकली जाते.

तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे पहिलं जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवलेला वर्कशॉपचा कागद. डिझेल भेसळीचं होतं तर ‘एअर काढली’ तेव्हाच फिल्टरमध्ये ते दिसायला हवं होतं. तेव्हा त्यावर एक अक्षर नाही, गाडी ‘ओके’ म्हणून तुमच्या ताब्यात दिली. मग भेसळ नेमकी कधी झाली? या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. आठवड्यात कुठे डिझेल भरलंत, त्याच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी काढून ठेवा.

‘डिझेल संपू दिलं’ आणि ‘डिझेल भेसळीचं होतं’ ही दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांच्या खुणाही वेगळ्या. कॉमन रेल गाडीत हाय प्रेशर पंप डिझेल एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबून भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात; या पंपाचं वंगणही डिझेलच असतं. टाकी कोरडी पडून पंप तसाच फिरला तर धातू धातूवर घासतो आणि तो चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. डिझेलमध्ये पाणी असेल तर फिल्टरच्या तळाशी पाणी सापडतं, आत गंज दिसतो. फिल्टर उघडला की निम्मा निकाल तिथेच लागतो. चुरा सापडला तरी पंप मुळातच सदोष होता की कोरडा फिरला, हा वाद उरतोच. तो तज्ज्ञाने सोडवायचा, सर्व्हिस ॲडव्हायझरने नव्हे.

स्कॅनरवर बहुधा पी-००८७ हा कोड आला असेल. त्याचा अर्थ एवढाच की रेलमध्ये प्रेशर कमी आहे. लाइनमध्ये हवा, तुंबलेला फिल्टर, टाकीतला कमजोर पंप, बिघडलेला प्रेशर सेन्सर, यातल्या कशानेही तो येऊ शकतो. कोड छापून देणं म्हणजे निदान नव्हे. कमी दाबाच्या लाइनचं प्रेशर तपासलं का, इंजेक्टरमधून परत फिरणारं डिझेल (रिटर्न) मोजलं का, हे विचारा.

आजच डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने पत्र टाका. दोन्ही जॉब कार्डं, स्कॅन रिपोर्ट आणि वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला ते लेखी मागा. वॉरंटीतल्या अपवादावर बोट ठेवणाऱ्यानेच तो लागू होतो हे दाखवायचं असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार आवश्यक माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. पत्रात हेही लिहा की टाकीतल्या आणि फिल्टरमधल्या डिझेलचे नमुने तुमच्यासमोर कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटल्यांत सील करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पंप, इंजेक्टर, फिल्टर यातलं काहीही फेकू नये, कंपनीकडेही पाठवू नये. ग्राहक आयोग याच कायद्याच्या कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पार्टच भंगारात गेले तर पाठवणार काय? गाडी अडून बसली असेल तर पैसे भरा, मात्र ‘हरकत राखून’ असं लेखी देऊन, आणि जुने पार्ट पोच देऊन ताब्यात घ्या.

पार्किंगच्या धमकीला फार भिऊ नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाच्या मजुरीपोटी वर्कशॉप गाडी अडवू शकतं. न केलेल्या कामाच्या एस्टिमेटपोटी नाही. जॉब कार्डावर पार्किंगची अट छापली आहे का, तेवढं मात्र वाचा.

तुमची बाजू लंगडी कुठे आहे, तेही सांगतो. इंजिनचा दिवा लागलेला असताना तुम्ही कोल्हारहून कोपरगावपर्यंत गाडी चालवलीत. मालकाच्या पुस्तिकेत तसं करू नका असं लिहिलेलं असणार आणि कंपनीचा वकील ते पान आधी उघडेल. त्यामुळे पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणणार नाही, तडजोडीत पार्ट कंपनीचे, मजुरी तुमची असा प्रस्ताव आला तर हसण्यावारी नेऊ नका. पेट्रोल पंपाला मात्र यात ओढू नका. त्या ५ लिटरची पावती आणि नमुना नसेल तर उगाच एक विरोधक वाढवाल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात डीलर आणि कंपनी दोघांविरुद्ध तक्रार करा. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते. तुमच्या गाडीच्या किमतीला शुल्क ४०० रुपये आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

एक गोष्ट पत्रात नाही : आरसी तुमच्या नावावर आहे की एखाद्या दुकानाच्या, फर्मच्या? फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक वापर, म्हणून ग्राहकच नाही’ हा पहिला आक्षेप येईल. तसं असल्यास गाडी प्रामुख्याने घरच्यांसाठी वापरता हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात, शपथपत्रासह लिहा.