‘घरी कधी सांगितलंत?’ हा प्रश्न आधी नको

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या शेजारी ७८ वर्षांचे ज्यू गृहस्थ राहतात. ब्रुकलिनमध्ये वाढलेले, समलिंगी. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मुलाखत द्यायला ते तयार आहेत, पण ‘घरी कधी सांगितलंत?’ असं विचारताच गप्प झाले. आता काय करावं?

उत्तर : त्यांच्या तरुणपणी घरी सांगण्याची पद्धतच नव्हती. कित्येक घरांत सगळ्यांना कळलेलं असे आणि कुणी उच्चारत नसे. लग्नाचा विषय कोण काढायचं, ते काय उत्तर द्यायचे, इथून सुरुवात करा.

त्याहून चांगला प्रश्न : तुमचं नाव कुणावरून ठेवलं? पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये बाळाला मृत नातेवाइकाचं नाव देतात. १९४५ नंतर जन्मलेल्या अनेकांची नावं नाझींनी मारलेल्या आजोबांची, काकांची होती. अशा घरात मुलाचं लग्न आणि नातवंडं म्हणजे गेलेल्यांचं देणं. शिवाय आईवडिलांमागे ११ महिने कद्दिशची प्रार्थना म्हणायची ती मुलानं. समलिंगी संबंधांविरुद्धच्या धर्मग्रंथातल्या वचनापेक्षा हा भार पुष्कळांना जड गेला.

ते वचनही होतंच. तेराव्या वर्षी बार मित्झ्वा (मुलगा धर्मदृष्ट्या सज्ञान होण्याचा विधी) झाला की योम किपूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, सुमारे २५ तासांचा निर्जळी उपास सुरू होतो. त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत पारंपरिक सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १८ वा अध्याय वाचतात. पुरुषानं पुरुषाशी संग करू नये, हे त्यातलं २२ वं वचन. वडिलांशेजारी बसून मुलगा ते दरवर्षी ऐकणार. रिफॉर्म या सुधारणावादी पंथाच्या सिनेगॉगमध्ये त्याऐवजी बहुधा १९ वा अध्याय असतो, म्हणून त्यांचं सिनेगॉग कुठल्या पंथाचं होतं ते आधी विचारा.

डॉक्टरांबद्दल जपून. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं डिसेंबर १९७३ पर्यंत समलैंगिकता आजारांच्या यादीत ठेवली होती, आणि त्या काळचे बरेच मनोविश्लेषक दोष आईला देत. ‘आईनं जास्त लाड केले’ हे ऐकून खचलेल्या आया होत्या. तुमचे शेजारी गप्प झाले ते कदाचित आईची बाजू राखण्यासाठी. जोर करू नका.

न्यू यॉर्कमध्ये असे संबंध १९८० पर्यंत गुन्हा होते, त्यामुळे मित्रांची नावं विचारू नका; त्यांनी आपणहून घेतली तरी छापण्याआधी परवानगी घ्या. १९७३ मध्ये तिथे समलिंगी ज्यूंचं बेट सिम्खात तोरा हे सिनेगॉग सुरू झालं. तिथे ते कधी गेले होते का, हे जरूर विचारा. इथे बहुतेकदा माणूस खुलतो.

एका बैठकीला तासभर पुरे, दीड तासाच्या वर नको. घरातलं दुसरं कुणी समोर नसावं. शुक्रवारची संध्याकाळ टाळा, शब्बाथ (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) सुरू होतो. रेकॉर्डिंगचा फोन हातभर अंतरावर, फ्रिजपासून लांब ठेवा, आधी मिनिटभर चाचणी घ्या. एड्सच्या वर्षांचा विषय पहिल्या बैठकीत काढू नका. त्यांनीच काढला तर रेकॉर्डिंग थांबवायचं का ते विचारा. छापण्याआधी मजकूर इंग्रजीत करून त्यांना वाचायला द्या आणि ते म्हणतील ते काढा.