एकच जॅकेट, पण सगळ्या मापांत

घरातून दुकान चालवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. तिन्ही भटकंतीच्या कपड्यांबद्दल आहेत आणि हाच माझा धंदा. मुलं लहान होती तेव्हापासून मी रेनजॅकेटं आणि फ्लीस (लोकरीसारख्या मऊ, उबदार कापडाचे कपडे) घरातूनच विकते. तेव्हा उत्तरं जरा लांबली तर समजून घ्या.

प्रश्न : मी आणि नवरा लग्नाआधीपासून डोंगरात भटकतो. मुलं झाल्यावर (मोठा सात वर्षांचा, धाकटी दोन) मी नोकरी सोडली. ओळखीतले लोक ट्रेकचे कपडे घेताना मला विचारतात, म्हणून छोटं ऑनलाइन दुकान काढायचं मनात आहे. रेनजॅकेट, फ्लीस, ट्रेकपँट, टोप्या, लहान मुलांचे रेनकोट अशी यादी केली आहे. नवरा म्हणतो, माल कमी दिसला तर लोक थांबणार नाहीत. ताई, सुरुवात किती मोठी करू? आणि दोन लहान मुलं सांभाळून हे जमेल का?

उत्तर : जमेल. पण यादीतल्या चार गोष्टी आत्ताच खोडा. रेनजॅकेट तेवढं ठेवा, बायकांचं किंवा पुरुषांचं, कुठलं तरी एकच.

हिशेब करून बघा. एक जॅकेट, तीन रंग, पाच मापं. म्हणजे झाले पंधरा वेगवेगळे नग. प्रत्येकाचे चार घेतले तरी साठ जॅकेटं घरात आली. असे पाच प्रकार ठेवलेत तर तीनशे नग सांभाळायचे, पंच्याहत्तर नोंदी रोज बरोबर ठेवायच्या. त्यात एम आणि एल आधी संपतात, मागे उरतात एखाद्या नावडत्या रंगातली एस आणि डबल एक्सएल. भांडवल अडकतं ते नेमकं तिथे. गिऱ्हाईक एम मागत असतं, तुमच्याकडे कपाट भरून माल असतो आणि एम नसतो. म्हणून रंगसुद्धा दोनच घ्या आणि तोच पैसा मापांत घाला. एका जॅकेटची सगळी मापं कायम हाताशी असलेलं दुकान लोकांच्या लक्षात राहतं. नवऱ्याला सांगा, दुकान भरलेलं दिसावं म्हणून माल भरायचा नसतो.

तुमच्याकडे लोक आपणहून विचारायला येतात ही मोठी जमेची बाजू. पॅटागोनिया या भटकंतीच्या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड मुळात गिर्यारोहणाची अवजारं बनवायचे. १९७० साली स्कॉटलंडला चढाईसाठी गेले असताना त्यांनी एक रग्बी शर्ट घेतला. त्याची कॉलर जाड, त्यामुळे गळ्यात अडकवलेल्या स्लिंग (चढाईची अवजारं टांगायचे पट्टे) मानेला काचत नसत. बरोबरचे गिर्यारोहक विचारायला लागले, हा कुठे मिळाला? मग त्यांनी तसे शर्ट मागवून विकले. कपड्यांकडे ते वळले ते एका शर्टापासून, आणि त्याची उपयुक्तता आधी स्वतःच्या मानेवर पटली होती.

तुम्हीही तसंच करा. सप्लायरचा कॅटलॉग बाजूला ठेवा आणि तीन-चार सॅम्पल विकत मागवा. मग न्हाणीघरात शॉवरखाली उभ्या राहा. आत करड्या रंगाचा सुती टीशर्ट, वर जॅकेट, पाठीवर भरलेली सॅक. दहा-पंधरा मिनिटं हात वर-खाली करा, वाका, टोपी घालून मान वळवा. करड्या सुती कापडावर ओल लगेच गडद दिसते, म्हणून तोच रंग. जॅकेट काढल्यावर डाग कुठे आहेत ते बघा : खांद्याच्या शिवणीवर, चेनच्या खालच्या टोकाशी, की टोपी जिथे जोडली आहे तिथे? मग तेच जॅकेट चार-पाचदा धुऊन पुन्हा हीच परीक्षा घ्या. नवं असताना पाणी थेंबाथेंबाने ओघळतं ते वरच्या लेपामुळे, आणि हा लेप वापराने, मळाने, साबणाच्या अंशाने मंदावतो. गिऱ्हाईक तक्रार करतं ती या धुतलेल्या जॅकेटची.

कागदावरचे आकडे वाचायला शिका, पण त्यांच्यावर विसंबू नका. १०,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब येईपर्यंत पाणी आत आलं नाही. ही चाचणी कापडाची झाली. शिवताना सुईने पाडलेली भोकं त्यात धरलेली नसतात. आतून प्रत्येक शिवणीवर टेप (भोकं झाकणारी चिकटपट्टी) आहे की फक्त खांद्यावर, हे जॅकेट उलटं करून बोटाने चाचपा. सॅकच्या पट्ट्याखाली आणि गुडघा टेकल्यावर दाब वाढतो तोही लक्षात घ्या. घामाची वाफ बाहेर जाण्याचा आकडा, म्हणजे २४ तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम, हा वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. मला तर हवा जायला काखेखाली चेन असलेलं जॅकेट मोठ्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

स्वस्तात जुना लॉट देऊ करणारे भेटतील. घेऊ नका. कापडाच्या आतल्या बाजूचा, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप ओलसर, उबदार हवेत काही वर्षांत आपोआप विघटित होतो, आतून चिकट होतो आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. एकदाही न वापरलेलं जॅकेट पिशवीतच असं खराब होतं. तुमचा स्वतःचा मालही याच कारणासाठी कोरड्या खोलीत, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. आणि पाणी ओघळवणाऱ्या वरच्या लेपात पीएफएएस नावाची रसायनं आहेत का, हे सप्लायरकडून लेखी घ्या. ही रसायनं निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. कपड्यांमधल्या त्यांच्या वापरावर कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये २०२५पासून, फ्रान्समध्ये २०२६पासून निर्बंध आले आहेत. डोंगरात जाणारं गिऱ्हाईक आता हा प्रश्न विचारतं आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

आता मुलांचं. या धंद्याची एक अडचण कुणी आधी सांगत नाही. भटकंतीचे कपडे लोक सुट्ट्यांच्या तोंडावर घेतात. म्हणजे सगळ्यात जास्त ऑर्डरी येतात त्याच आठवड्यांत तुमची मुलंही घरी असतात. शाळेचं वर्षाचं वेळापत्रक हातात आलं की पहिल्यांदा तेच दुकानाच्या भिंतीवर लावा. त्या आठवड्यांसाठी घरातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, आणि नवं जॅकेट, नवे फोटो, वेबसाइटची दुरुस्ती त्या काळात अजिबात काढू नका.

एरवी पार्सलं आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशीच पाठवा आणि ते दिवस वेबसाइटवर ठळक लिहा. "पार्सल मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं" असं वाचून ऑर्डर करणारं गिऱ्हाईक बुधवारी फोन करत नाही. "लवकरात लवकर" असं मोघम लिहिलंत तर रोज फोन येईल आणि तोही धाकटीला झोपवताना. मूल आजारी पडलं तर वेबसाइटवर तारीख दोन दिवस पुढची करा. त्याचं अपराधीपण वाटून घेऊ नका.

नवऱ्याला "मदत कर" म्हणू नका, एक काम पूर्ण त्याचं करून टाका. परत आलेला माल तपासणं, किंवा महिन्याचा हिशेब. मदत मागताना प्रत्येक वेळी सगळं समजावून सांगावं लागतं, आणि त्यातच तुमचा अर्धा वेळ जातो. दुकानाचं बँक खातं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. त्यावर चर्चासुद्धा नको.

प्रश्न : आमचं ट्रेकच्या कपड्यांचं दुकान नुकतंच सुरू झालं आहे. ऑर्डरी येतात, पण मापाच्या कारणाने बऱ्याच परतही येतात. बाळ सहा महिन्यांचं आहे, त्यामुळे आम्ही दोघं रात्री जागून पॅकिंग करतो. वस्तू परत घेणं बंद करावं का?

उत्तर : बंद करू नका. अंगावर घालून न बघता कपडा घेणाऱ्याला तेवढा एकच आधार असतो. तुमचा साइज चार्ट सप्लायरने पाठवलेलाच लावला आहे, असा माझा अंदाज आहे. तो काढून टाका. दोन कारखान्यांचा एल सारखा नसतो, कधी कधी एकाच कारखान्याच्या दोन लॉटांचाही नसतो.

प्रत्येक मापाचा एक कपडा टेबलावर सपाट पसरा, चेन लावा आणि टेपने मोजा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, त्याची दुप्पट म्हणजे छातीचा घेर. मानेच्या हाडापासून खालच्या कडेपर्यंत पाठीची लांबी. बाही खांद्यापासून मोजू नका, मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंत मोजा, कारण जॅकेटात खांद्याची शिवण कुठेही असते. मग लिहा : हे मोजमाप कपड्याचं आहे, तुमच्याकडे नीट बसणारं जॅकेट असंच पसरून मोजा आणि जुळवा. अंगाचं माप घेताना लोक पोट आत घेतात, पण जुन्या जॅकेटाचं माप बरोबर येतं.

फोटो दोन वेगळ्या बांध्यांच्या माणसांवर घ्या आणि खाली त्यांची उंची, छाती, घातलेलं माप, आत काय घातलं होतं तेही लिहा. फ्लीसवर घालायचं जॅकेट आणि नुसत्या टीशर्टवर घालायचं जॅकेट यांत एका मापाचा फरक पडू शकतो. हात वर केलेला एक फोटो हवाच. कंबर उघडी पडते का, ते त्यातच कळतं.

परत पाठवणाऱ्याला "मापात बसलं नाही" एवढंच लिहू देऊ नका. कुठे घट्ट झालं, कुठे आखूड पडलं, ते विचारा. दोघा-तिघांनी बाही आखूड म्हटलं की त्याच दिवशी वर्णनात लिहून टाका : बाही जरा आखूड आहे, लांब हात असतील तर पुढचं माप घ्या. यातून काही ऑर्डरी कमी होतील. त्याच परत येणार होत्या.

आणि रात्रीचं पॅकिंग थांबवा, हे मी आग्रहाने सांगते. झोपेने जड झालेले डोळे एम आणि एल अदलाबदल करतात आणि ते पार्सल दोनदा फिरतं. बाळ दिवसा झोपेल तेव्हा एकाने पॅकिंग करावं, दुसऱ्याने तेव्हा झोपावं.

प्रश्न : लहान मुलांचे रेनकोट विकायला ठेवते आहे. टोपीला नाडी असली तर चालेल का? आणि फोटोसाठी स्वतःच्याच मुलांना उभं केलं तर?

उत्तर : नाडी नको. घसरगुंडीच्या फटीत ती अडकते आणि मुलाचा गळा आवळला जातो, असे अपघात झाले आहेत. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी आणि गळ्याशी नाडी चालतच नाही. टोपीला इलॅस्टिक किंवा वेल्क्रो असलेला, आणि टोपी बटणांनी सुटी होणारा रेनकोट बघा, म्हणजे ओढली गेली तर टोपी निघून येते.

मुलांचे चेहरे मी वेबसाइटवर टाकत नाही. फोटो एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही, आणि मोठं झाल्यावर त्यांना तो नको असू शकतो. पाठमोरे फोटो घ्या, चिखलातले बूट आणि बाह्या घ्या. रिफ्लेक्टिव्ह पट्टी असेल तर एक फोटो अंधारात फ्लॅश मारून काढा. पट्टी पाठीवर सॅकखाली झाकली जाते की बाहीवर उघडी राहते, हे पालकांना त्यात दिसलं पाहिजे.