भगंदराची सोनोग्राफी: नव्या रेसिडेंटसाठी
अरे, प्रोब हातात घेण्याआधी पेशंटशी दोन शब्द बोल. बिचारा आधीच संकोचलेला असतो. तो आखडला की स्नायूही आखडतात.

आधी आतल्या स्फिंक्टरचं (गुदद्वार आवळून धरणाऱ्या गोल स्नायूचं) काळं कडं शोध. त्याबाहेरचा पांढुरका, धाग्याधाग्यांचा दिसतो तो बाहेरचा स्फिंक्टर. भगंदराची नळी, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत झालेली वाट, तीही काळीच दिसते आणि जुन्या ऑपरेशनचा व्रणही. गफलत होते ती इथेच. शंका आली तर बाहेरच्या तोंडातून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिलिलिटरभर, अगदी हलक्या हाताने सोडायचं. बुडबुडे उठतात, नळी पांढरी होते. पण साधा स्कॅन आधी पूर्ण कर, कारण बुडबुड्यांच्या सावलीमागचं नंतर दिसत नाही.

रिपोर्टात नुसतं ‘फिस्टुला (भगंदर) आहे’ लिहू नकोस, ते सर्जनला बाहेरूनच कळलेलं असतं! आतलं तोंड किती वाजताच्या जागी (पाठीवर झोपलेल्या पेशंटमध्ये 12 पुढे, 6 मागे), नळी बाहेरच्या स्फिंक्टरचा किती भाग ओलांडते, फाटे, पू, हे सगळं हवं. बायकांमध्ये हा स्फिंक्टर पुढून आखूड असतो, तिथे जास्त जपून बघ.

पुन्हा उद्भवलेलं किंवा खोलवर गेलेलं भगंदर असेल तर सरळ एमआरआय सुचव. त्यात कमीपणा कसला?