डायनासोर नष्ट झाले, त्या महाविनाशात झाडांचे काय झाले?

आपला प्रश्न असा आहे, की ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या संकटात डायनासोर संपले त्यात झाडेही मेली असतील, तर आजची झाडे आली कुठून? मी नाशिकला अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि विद्यार्थी हाच प्रश्न वारंवार विचारत. झाडे मेली, रानेच्या राने मेली. परंतु सपुष्प वनस्पतींची मोठी कुळे जवळजवळ सगळी तगली, हे त्याचे उत्तर आहे.

मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे लघुग्रह आदळल्यावर धूळ, काजळी आणि गंधकाचे कण वातावरणात पसरले आणि प्रकाशसंश्लेषण कित्येक महिने जवळजवळ थांबले. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतील रॅटन खोऱ्यात त्या घटनेचा इरिडियमयुक्त (इरिडियम हा पृथ्वीवर दुर्मिळ, पण लघुग्रहांत अधिक आढळणारा धातू) मातीचा बारीक थर सापडतो. त्याखालच्या खडकात नाना वनस्पतींचे परागकण आहेत, तर लगेच वर जवळपास सगळे नेच्यांचे बीजाणू. न्यूझीलंडमध्ये तर नेच्यांच्याही आधी बुरशीच्या बीजाणूंचा थर लागतो, आणि मला तो सर्वांत बोलका पुरावा वाटतो, कारण इतकी बुरशी माजायला मेलेले लाकूड आणि पाला अमाप लागतो. उजाड जमिनीवर नेचे प्रथम येणे हे नवल नाही. १८८३ मध्ये क्राकाटोआचा उद्रेक झाल्यानंतर काही वर्षांतच त्या बेटावर नेच्यांनी बस्तान बसवले होते.

वनस्पती तगल्या त्या थांबण्याच्या क्षमतेमुळे. प्राण्याला काही दिवसांत अन्न मिळाले नाही तर तो मरतो; बी मात्र मातीत वर्षानुवर्षे पडून राहू शकते, आणि वरचा भाग गेला तरी मुळांत व खोडात साठवलेल्या अन्नावर पुन्हा फुटवा येतो. एप्रिलमध्ये खरडछाटणी झालेली द्राक्षबाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको: खोड आणि ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या, तेवढे उरतात, तरी थोड्याच दिवसांत डोळे फुटू लागतात.

मात्र कुळे वाचली म्हणजे नुकसान थोडे झाले, असे समजू नये. नॉर्थ डकोटातील पानांच्या जीवाश्मांवरून पाहता तेथील अर्ध्याहून अधिक प्रजाती नाहीशा झाल्या. कोलंबियात वनस्पतींची विविधता सुमारे ४५ टक्क्यांनी घटली आणि पूर्वपदावर यायला जवळजवळ ६० लाख वर्षे लागली. शिवाय प्रत्येक महाविनाश वनस्पतींना इतपत तरी सोडून गेला असेही नाही. २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस, गोंडवन या दक्षिणेकडील प्राचीन महाखंडावरील (भारत तेव्हा त्याचाच भाग होता) ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांची दलदलीतील राने संपली आणि त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे जगात कोठेही दगडी कोळसा तयार झाला नाही. आपला चंद्रपूरचा कोळसा हा त्या विनाशाच्या आधीच्या रानांचा आहे.

डायनासोरांनंतर जी राने परतली ती पूर्वीची नव्हती. कोलंबियात आधी अरोकेरियासारखी सूचिपर्णी झाडे, नेचे आणि सपुष्प झाडे यांचे विरळ, उन्हाचे रान होते. नंतर तेथे सपुष्प झाडांचे दाट छताचे वर्षावन वाढले आणि त्यात शेंगवर्गीय झाडांचे प्राबल्य झाले. मोठे डायनासोर झाडे मोडत व तुडवत असल्यामुळे आधीचे रान मोकळे राहत असावे, असा काही संशोधकांचा तर्क आहे आणि मला तो पटतो.

दाट रानात वेलींना चढायला आधार मिळतो, म्हणून येथे द्राक्षकुळाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. या कुळाच्या ज्ञात जीवाश्मांपैकी सर्वांत जुने मध्य भारतात, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात मिळाले असून त्यांना इंडोव्हायटिस असे नाव आहे. ज्या ज्वालामुखीय काळ्या पाषाणात आपली पांडवलेणी कोरली आहेत, तोही त्याच उद्रेकांच्या मालिकेतला. पुढे कोलंबियात सापडलेले, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे द्राक्षकुळातील बी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे विनाशानंतर साठेक लाख वर्षांत हे कुळ दक्षिण अमेरिकेच्या रानातही होते. नाशिकच्या बागांतील द्राक्षे ही त्या वेलींची थेट वंशज नव्हेत, ती पश्चिमेकडून फार नंतर येथे आली; कुळ मात्र तेच.