अमोआको बोआफो चेहरे ब्रशऐवजी बोटांनी का रंगवतात?

ब्रशवर जेवढा ताबा राहतो तेवढा बोटांवर राहत नाही, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. १९८४ साली घानाच्या आक्रा शहरात जन्मलेले चित्रकार बोआफो त्वचा बोटांनी रंगवतात. कपडे आणि पार्श्वभूमी बहुतेकदा सपाट ठेवतात. तपकिरी, काळे, निळसर फराटे एकमेकांत वळत जातात आणि आपली नजर थेट चेहऱ्यावर खिळते.

ही शैली घडली व्हिएन्नात. तिथल्या कला अकादमीत शिकताना त्यांच्यावर ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेच्या रेषेचा प्रभाव पडला (चित्रांतले हात बघा, लगेच कळतं). पण तिथल्या कलाविश्वात कृष्णवर्णीय माणसं अभावानेच दिसत. मग त्यांनी आपले मित्र, ओळखीचे, आवडती माणसं रंगवायला घेतली. थकलेली-पिचलेली नव्हे, ऐटीत उभी असलेली.

२०२० मध्ये लंडनच्या लिलावात त्यांचं एक चित्र ६,७५,००० पौंडांना गेलं आणि चर्चा किमतीकडेच वळली. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी आक्रात उभारलेलं 'डॉट आतेलिए', जिथे इतर कलाकारांना राहून काम करता येतं.

चित्रं मोबाइलवर बघणार असाल तर झूम करून गाल आणि कपाळ बघा. लहान फोटोत फराटे दिसतच नाहीत.