श्रोडिंजरपासून सुरुवात करावी का?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची. जनुकशास्त्र आणि जीवसृष्टीचा उगम समजून घ्यायला भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजर यांचं ‘व्हॉट इज लाइफ?’ आधी वाचू का?

उत्तर : आधी नको. डब्लिनमधल्या व्याख्यानांवरून १९४४ साली आलेलं हे पुस्तक लहान आहे, पण डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली १९५३ मध्ये. जनुक म्हणजे ‘अनावर्ती स्फटिक’ (एकच नक्षी पुन्हा पुन्हा न गिरवणारा, म्हणून माहिती साठवू शकणारा स्फटिक) असावा, हा त्यातला तर्क (आणि तो भन्नाटच आहे) डीएनए-आरएनए-प्रथिन ही साखळी (डीएनएमधल्या माहितीची नक्कल आरएनएत उतरते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात) कळल्यावरच भिडतो. तेव्हा आधी ती साखळी सांगणारं नवं पुस्तक घ्या.

उगमावरचं पुस्तक घेताना अनुक्रमणिका चाळा. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, वाफ आणि विजेची ठिणगी यांतून आदिम पृथ्वीची नक्कल करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ मिलर यांच्या प्रयोगावरच ते थांबत असेल, तर परत ठेवा. त्यातून अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मिळाली, पेशी नाही. जीवसृष्टीची सुरुवात आरएनएपासून किंवा समुद्रतळावरच्या उष्ण विवरांपाशी झाली असावी, या कल्पनांवर प्रकरणं हवीतच.